दुःख कोणाचे? : एका जपानी गीताच्या निमित्ताने

१९६३ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत सलग तीन आठवडे एक जपानी गीत पहिल्या क्रमांकावर होते. ते जपानी भाषेतच गायिलेले होते आणि ते विकत घेणाऱ्या बहुसंख्य अमेरिकनांना त्यातला एकही शब्द कळत नव्हता. ध्वनिमुद्रिकेवर त्याचे नाव ‘सुकियाकी’ असे छापले होते. सुकियाकी म्हणजे गोमांसाचे पातळ काप, भाज्या आणि टोफू सोयाचा रस व साखर घालून उथळ भांड्यात शिजवलेला एक पदार्थ. गीतात या पदार्थाचा उल्लेख नाही, कोणाच्याही जेवणाचा नाही. जपानी नाव आहे ‘उए ओ मुइते आरुको’. त्याचा अर्थ साधारणपणे ‘वर पाहत चालू या’ असा होतो. वर पाहायचे ते डोळ्यांतले पाणी खाली ओघळू नये म्हणून. रात्रीच्या वेळी एकट्याने चालणाऱ्या माणसाचे हे गीत आहे.

या हकीकतीकडे लोकप्रिय संगीताच्या इतिहासातील एक गंमत म्हणून पाहण्याची रीत आहे. या नामांतराची तुलना एका अमेरिकी साप्ताहिकाने त्याच काळात ‘मून रिव्हर’ हे गीत जपानमध्ये ‘बीफ स्ट्यू’ या नावाने विकण्याशी केली होती. परंतु गंमत ओसरल्यानंतर उरतो तो प्रश्न गमतीचा नाही. करुण गीत ऐकताना श्रोता जे अनुभवतो ते दुःख कोणाचे असते? ज्या घटनेतून ते निर्माण झाले ती घटना ठाऊक नसताना, किंबहुना ती ठाऊक करून घेण्याची इच्छाही नसताना, त्या दुःखाने विरघळणे हा केवळ आस्वादाचा एक प्रकार मानावा, की त्यात कोणावर तरी अन्याय होतो? सौंदर्यशास्त्र हा प्रश्न सहसा नीतिशास्त्राकडे ढकलते आणि नीतिशास्त्राला लोकप्रिय गीतांसाठी वेळ नसतो.

गीताची पार्श्वभूमी थोडी विस्ताराने पाहावयास हवी. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर १९५१ साली जपानने अमेरिकेशी सुरक्षा करार केला. त्यामुळे अमेरिकी सैन्याचे तळ जपानच्या भूमीवर कायम राहिले. या कराराची सुधारित आवृत्ती जानेवारी १९६० मध्ये वॉशिंग्टन येथे स्वाक्षरित झाली. तिला जपानमध्ये जो विरोध झाला त्याचे स्वरूप केवळ परराष्ट्रधोरणविषयक नव्हते. पंतप्रधान किशी नोबुसुके हे युद्धकालीन तोजो मंत्रिमंडळात मंत्री होते. युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून त्यांना अटक झाली होती आणि खटला न चालता ते सुटले होते. १९ मे १९६० रोजी त्यांच्या सरकारने सभागृहात ठाण मांडून बसलेल्या विरोधी सदस्यांना पोलिसांकरवी उचलून बाहेर काढले आणि मध्यरात्रीनंतर त्यांच्या अनुपस्थितीत करार संमत करून घेतला. तेव्हा नवजात लोकशाहीच धोक्यात आहे अशी भावना पसरली. विद्यार्थी, कामगार, प्राध्यापक, लेखक, गृहिणी रस्त्यावर आल्या. १५ जूनला संसदेच्या आवारात पोलीस आणि विद्यार्थी यांच्यात झालेल्या चकमकीत तोक्यो विद्यापीठाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी कांबा मिचिको मरण पावली. अमेरिकेच्या अध्यक्षांची नियोजित भेट रद्द झाली. पण करार रद्द झाला नाही. १९ जूनच्या मध्यरात्री, संसदेभोवती प्रचंड जनसमुदाय उभा असताना, केवळ ठरावीक मुदत संपली म्हणून तो आपोआप मंजूर झाला. त्या क्षणी कोणी काही केले नाही, कोणी काही करू शकले नाही. घड्याळ पुढे सरकले, एवढेच. पुढच्या महिन्यात किशी पायउतार झाले. करार आजही अस्तित्वात आहे.

गीतकार एइ रोकुसुके या आंदोलनात सहभागी होते. निदर्शनांवरून परतताना जे पराभूतपण त्यांच्या मनात साचले त्यातून हे शब्द आले, असे सांगितले जाते. दुसरीही एक हकीकत प्रचलित आहे आणि तीत गीताचे मूळ एका असफल प्रेमात आहे. या दोहोंपैकी खरी कोणती, हा चरित्रकाराचा प्रश्न झाला. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की गीताची संहिता दोन्हींना सारखीच वाव देते आणि दोन्हींविषयी सारखीच मौन पाळते. करार, संसद, रस्ता, मृत्यू यांपैकी काही गीतात नाही, प्रेयसीही नाही. अश्रूंना कारण दिलेलेच नाही. ज्याला कारण ठाऊक आहे त्याने ते घालावे, ज्याला नाही त्याने आपले घालावे, अशी एक रिकामी जागा तिथे राखून ठेवलेली आहे.

एइंचे संगीतकार सहकारी नाकामुरा हाचिदाइ होते. या दोघांच्या ‘कुरोइ हानाबिरा’ (काळ्या पाकळ्या) या गीताला १९५९ साली जपानचा पहिला रेकॉर्ड पुरस्कार मिळाला होता. गायक साकामोतो क्यू १९६१ मध्ये अवघा एकोणीस वर्षांचा होता. रोकु, हाचि आणि क्यू म्हणजे जपानीत सहा, आठ आणि नऊ. त्यामुळे हे त्रिकूट ‘सहा-आठ-नऊ’ म्हणून ओळखले जाई. साकामोतो रॉकॅबिली गाणाऱ्यांच्या पिढीतला होता. स्वर मध्येच मोडून त्याला हकाराचा झटका देण्याची लकब त्याने अमेरिकी गायकांकडून उचलली होती. आपले शब्द त्या पद्धतीने उच्चारलेले प्रथम ऐकताना एइ नाराज झाले होते, असे सांगतात. म्हणजे ज्या संस्कृतीच्या लष्करी छत्राविरुद्ध गीतकार रस्त्यावर उतरला होता, तिच्याच गायनशैलीतून त्याचे दुःख उच्चारले गेले. यात विसंगती आहे असे म्हणता येईल. परंतु वसाहतोत्तर समाजांतील कलाकृतींचा थोडासा परिचय असलेल्यास तिचे नवल वाटू नये.

चाल हा आणखी एक मुद्दा. तिचा बराच भाग चौथा व सातवा स्वर टाळणाऱ्या पंचस्वरी सप्तकावर उभा आहे. सा, रे, ग, प, ध हे भूपाचेच स्वर. अर्थात तेवढ्याने चाल भूपातली होत नाही, कारण राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे. मात्र आपल्या कानाला या स्वरसमूहातून जो उजळपणा जाणवतो तो येथेही आहे. ठेका चालण्याचा आहे, रेंगाळण्याचा नाही. एका कडव्यात शब्दच नाहीत. तेथे गायक शीळ घालतो. शब्द अश्रूंविषयी बोलतात आणि चाल अश्रूंना थारा देत नाही. रुदनाची अवस्था वर्णन करणारे गीत आणि रुदन आवरण्याची क्रिया प्रत्यक्ष घडवणारे गीत यांत फरक केला, तर हे दुसऱ्या प्रकारचे आहे. त्यात शोकाचे चित्रण नाही, शोकाशी चाललेली झटापट आहे, आणि तीही चेहऱ्यावर दिसू न देता.

या गीतावर एक गंभीर आरोप होऊ शकतो. एका सामूहिक, राजकीय पराभवाचे रूपांतर त्याने खासगी खिन्नतेत केले. ज्यांनी एकत्र चालायचे होते त्यांना एकटे चालायला शिकवले. किशींनंतर आलेल्या इकेदा सरकारने १९६० च्या डिसेंबरात दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना जाहीर केली. देश रस्त्यावरून दुकानाकडे वळला आणि त्याच वळणावर १९६१ मध्ये हे गीत दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचले. रागाचे कारण काढून घेतले की खिन्नता उरते, आणि खिन्नता विकता येते. कांबा मिचिकोचा मृत्यू हे जर त्या अश्रूंचे एक कारण असेल, तर कारणाविना अश्रू गाणे हा तिचा दुसऱ्यांदा झालेला लोप नव्हे काय? ज्या दिवशी या गीताने बिलबोर्डच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला त्या यादीची तारीख १५ जून १९६३ होती, तिच्या मृत्यूला बरोबर तीन वर्षे पूर्ण होत होती. हा निव्वळ योगायोग आहे आणि योगायोगावर युक्तिवाद उभारू नये. तरीही कराराच्या दुसऱ्या पक्षाच्या देशात त्या दिवशी लोक ते अश्रू पदार्थाच्या नावाने विकत घेत होते, ही वस्तुस्थिती योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आरोपाला उत्तर आपल्या परंपरेत तयार आहे. काव्यातील शोक कोणा एकाचा राहत नाही, तो साधारणीकृत होतो, असे भट्टनायकाने म्हटले आणि अभिनवगुप्ताने ते अधिक खोलात नेले. ‘शाकुंतला’तील पळत्या हरणाची भीती ही त्या हरणाची राहत नाही, प्रेक्षकाचीही होत नाही, देश, काल आणि व्यक्ती यांची बंधने गळालेली ती निखळ भीती असते, आणि म्हणूनच तिचा आस्वाद शक्य होतो. मराठीत न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली तीही याच परिसरातली. स्वतःचे भान न सोडता परक्याच्या अनुभवात शिरणे म्हणजे वाङ्मयीन आनंद, असा तिचा आशय. या दृष्टीने पाहता एइंनी कारण वगळले यात लबाडी नाही, ती कवीची स्वाभाविक कृती आहे. करार मुदत संपताच मंजूर झाला म्हणून डोळ्यांत पाणी आले, असे लिहिले असते तर ते निवेदन झाले असते. कारण गाळल्यामुळेच दुःख दुसऱ्याच्या घरी जाऊ शकले.

हे उत्तर बरोबर आहे; पण ते फार लवकर समाधान देते. साधारणीकरणाच्या सिद्धांतात विभावांना, म्हणजे भाव जागवणाऱ्या कारणांना, निश्चित स्थान आहे. हरणाची भीती साधारण होते ती हरीण, रथ आणि बाण हे सगळे डोळ्यांसमोर असताना. व्यक्तिविशेष गळतो तो विशेष आधी अनुभवास आल्यामुळे. जे कधी समोर आलेच नाही ते गळेल कसे? १९६३ च्या अमेरिकी श्रोत्यापुढे ना विभाव होता, ना शब्दार्थ. त्याच्यापुढे एक आवाज होता, एक शीळ होती आणि एका पदार्थाचे नाव होते. त्याला जे झाले त्याला साधारणीकरण म्हणावे की केवळ अज्ञान? आपल्याकडील रसचर्चा बहुतेक वेळा गृहीत धरते की सहृदयाला संहितेची भाषा येते. भाषाच न येणारा सहृदय ही तिच्या कल्पनेबाहेरची व्यक्ती आहे. या एका गीताने त्या गृहीतकातली फट दाखवून दिली, हे काही लहान काम नव्हे.

तथापि त्या श्रोत्याचीही बाजू आहे. त्याला शब्द कळले नाहीत, पण खिन्नता कळली. कोणीही न सांगता त्याने या उजळ चालीत काहीतरी आवरलेले ऐकले. अन्यथा परक्या भाषेतले गीत त्याने एवढ्या संख्येने विकत घेण्याचे कारण नव्हते. शिवाय गीत इंग्रजीत न आणता मूळ भाषेतच प्रसिद्ध झाले. केवळ एकवीस वर्षांपूर्वी, १९४२ पासून, पश्चिम किनाऱ्यावरील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना, त्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिक असताना, छावण्यांत डांबणाऱ्या देशाच्या रेडिओवर ती भाषा अहोरात्र वाजत होती. नाव चुकीचे होते, परंतु आवाज कोणी बदललेला नव्हता.

मग अन्याय नेमका कोठे झाला? तो ऐकण्यात झाला नाही, नामकरणात झाला. ब्रिटनमध्ये केनी बॉल यांच्या जॅझ वादकांनी या गीताचे वाद्यसंगीत करताना हे नाव वापरले होते. उच्चारायला सोपे आणि कानाला जपानी वाटणारे, एवढाच त्यामागचा विचार. कवीने केलेला लोप आणि व्यापाऱ्याने केलेला लोप वरवर सारखे दिसतात, कारण दोघांनीही कारण पुसले. परंतु कवीने जागा रिकामी ठेवली आणि व्यापाऱ्याने ती भरून टाकली. रिकाम्या जागेपाशी श्रोता थांबतो, हा माणूस का रडत असेल असे स्वतःला विचारतो. ‘सुकियाकी’ या नावापाशी विचारण्यासारखे काही उरत नाही. ते नाव सांगते की हे जपानी आहे, रुचकर आहे आणि यापलीकडे काही नाही. १९८१ मध्ये ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या अमेरिकी जोडीने नवे इंग्रजी शब्द घालून हे गीत पुन्हा लोकप्रिय केले. ते शब्द सरळसरळ प्रेमभंगाचे होते आणि नाव मात्र ‘सुकियाकी’च राहिले. अश्रूंना कारण मिळाले, आणि दार दुसऱ्यांदा बंद झाले. गीत म्हणून ते वाईट नाही, पण मूळ गीतातले अवघडलेपण त्यात नाही.

अनुवादाच्या अंगाने एक गोष्ट मराठी वाचकाला विशेष जाणवण्यासारखी आहे. ‘आरुको’ या जपानी क्रियारूपाला कर्ता नाही. ते एकट्याचा स्वतःशी केलेला निश्चय असू शकते, तसेच सोबत्यांना केलेले आवाहनही असू शकते. इंग्रजीत त्याचा अर्थ देताना बहुधा ‘मी’ घातला जातो आणि प्रश्न मिटवला जातो. मराठीत ‘चालू या’ म्हटले की सोबत गृहीत धरावी लागते आणि ‘चालावे’ म्हटले की सोबत निघून जाते. मात्र आपल्याकडे ‘आपण’ हे सर्वनाम आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत मराठी जो भेद करते, ऐकणाऱ्याला वगळणे आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणे यांतला, तो इंग्रजीला करता येत नाही. शिवाय एकटा माणूस स्वतःची समजूत घालतानाही ‘आपण’च म्हणतो: आपण आपले चालत राहावे. हा ‘आपण’ एकाच वेळी एकटा आणि अनेक असतो. एइंच्या गीतातला न उच्चारलेला कर्ता या ‘आपण’च्या फार जवळचा आहे. गीताने समूहाचे रूपांतर एकट्यात केले, हा वरील आरोप या ठिकाणी पुरता टिकत नाही. समूह पांगल्यावर घरी परतणाऱ्या प्रत्येक एकट्याच्या तोंडी समूहाचेच क्रियापद उरले, असेही ते वाचता येते.

परंतु कर्ता नसलेले वाक्य कोणीही उचलू शकते, आणि गीताचा पुढचा इतिहास हा त्या वाक्याचे कर्ते बदलत जाण्याचा इतिहास आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी तोक्योहून ओसाकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे विमान गुन्मा प्रांतातील डोंगरात कोसळले. पितरांच्या स्मरणाच्या ओबोन सणानिमित्त गावी जाणाऱ्यांनी ते भरलेले होते. ५२० माणसे मरण पावली, चौघी वाचल्या. मृतांत साकामोतो क्यू होता. तो ४३ वर्षांचा होता. त्यानंतर गीताला एक कारण चिकटले, जे गीतकाराने कधी कल्पिलेही नव्हते. धीर देणारा आवाजच आता ज्याच्यासाठी धीर धरावा असा झाला.

पुढे ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला भूकंप आणि त्सुनामी यांनी उद्ध्वस्त केले आणि फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्रात दुर्घटना घडली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत सुंतोरी या पेयकंपनीच्या जाहिरातींत अनेक नामवंत कलावंत एकेक ओळ वाटून घेऊन हे गीत गाताना दिसले. त्यात मालाची जाहिरात अशी नव्हती आणि त्या गायनाने पुष्कळांना आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही येथे गीताचे नैतिक वजन बदलते. ज्याचे घर वाहून गेले तो ‘वर पाहत चालावे’ असे स्वतःशी म्हणतो तेव्हा ते धैर्य असते. सुरक्षित शहरातला, सुस्थितीतला माणूस त्याला तेच म्हणतो तेव्हा ती सहानुभूती असेल, पण ती सूचनाही असते. आणि सूचना अशी की अश्रू सांडू देऊ नका. भूकंपाला कोणी जबाबदार नसतो. अणुवीजकेंद्राच्या सुरक्षिततेला मात्र जबाबदार माणसे असतात, आणि वर पाहत चालणाऱ्याला समोर उभी असलेली माणसे दिसत नाहीत. १९६० मध्ये ज्या रागाला हरल्यानंतर गीत बनावे लागले, तो राग २०११ मध्ये हरण्याआधीच गीताने झाकला जाण्याची शक्यता निर्माण झाली. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या, १९६३ च्या योकोहामात घडणाऱ्या ‘कोकुरिकोझाका कारा’ या गोरो मियाझाकींच्या चलचित्रपटात हेच गीत आले आहे. तेथे जुन्या इमारतीच्या रक्षणासाठी विद्यार्थी चळवळ करतात आणि गीत त्या काळाच्या रस्त्यावर वाजते. एकाच वर्षातील या दोन उपयोगांत पहिला अधिक लोकांपर्यंत पोहोचला असेल. गीताला त्याच्या स्वतःच्या काळात परत नेऊन ठेवण्याचे काम दुसऱ्याने केले.

एइ रोकुसुके २०१६ मध्ये वारले. नाकामुरा १९९२ मध्येच गेले होते. तिघांपैकी कोणीही आता हे वाक्य कोणाचे आहे ते सांगायला नाही, आणि हयात असताना सांगितले असते तरी ऐकणाऱ्यांनी ते मानले असतेच असे नाही. त्या ध्वनिमुद्रणात शब्द थांबतात आणि शीळ सुरू होते तो भाग मात्र कोणाला उचलता येत नाही. शिळेला सर्वनाम नसते, तिला नाव देता येते पण तिचा अनुवाद होत नाही. ओठ थरथरत असताना शीळ घालता येत नाही. एकोणीस वर्षांच्या त्या मुलाची शीळ सरळ आणि स्वच्छ आहे, आणि ती पूर्ण होईपर्यंत तो कोणालाही काही सांगत नाही.